एका ढिगाचे तीन कर्ब

आमच्या घरचे सातबारा, पीकविम्याच्या पावत्या आणि सोसायटीचे कागद एका जुन्या पत्र्याच्या पेटीत असतात. २०१८ च्या जून महिन्यात त्या पेटीत माती परीक्षणाचे तीन नवे कागद जायचे होते. आत टाकण्याआधी मी ते खाटेवर एकाशेजारी एक मांडले. सेंद्रिय कर्बाचा, म्हणजे मातीत कुजलेल्या काडीकचऱ्यातल्या कार्बनचा, रकाना बघितला. पहिल्यावर ०.४५, दुसऱ्यावर ०.५७, तिसऱ्यावर ०.७९. सर्वसाधारण निकष असा की अर्ध्या टक्क्याच्या खाली असला तर कमी, पाऊण टक्क्यापर्यंत मध्यम आणि त्यापुढे जास्त. म्हणजे आमचं रान एकाच वेळी कमी, मध्यम आणि जास्त कर्बाचं ठरलं होतं. गंमत अशी की माती एकच होती. मीच मे महिन्यात वरच्या तीन एकरांतला नमुना काढून, एका घमेल्यात कालवून, तीन पिशव्यांत भरून तीन ठिकाणी दिला होता.

बापू म्हणाले, "मंग ह्यातला खरा कोणता?"

मी परभणी जिल्ह्यातला. गावापासून अठरा किलोमीटरवरच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, आणि सकाळ-संध्याकाळ शेतकरी. सहा एकर काळी जमीन. वर तीन एकर, ओढ्याकडे तीन एकर. सोयाबीन-तूर आणि जमलं तर हरभरा. तीन वेगळे आकडे बघून दुसऱ्या कुणी कागद फेकून दिले असते. मला मात्र रात्रभर ते आकडे छळत राहिले, कारण त्यांच्यातलं नातं ओळखीचं वाटत होतं. सकाळी मोबाइलवर गुणाकार केला. ०.४५ गुणिले १.३ म्हणजे ०.५८५. ०.४५ गुणिले १.७२४ म्हणजे ०.७७६. थोडं वर-खाली सोडलं तर तिन्ही कागद एकच गोष्ट सांगत होते.

पहिल्याने कच्चा आकडा दिला होता. दुसऱ्याने तो १.३ ने गुणला होता. तिसऱ्याने तर सेंद्रिय कर्बाच्या रकान्यात सेंद्रिय पदार्थांचा आकडा छापला होता. कर्ब हा सेंद्रिय पदार्थांचा एक भाग. कर्बाला १.७२४ ने गुणलं की पदार्थांचा अंदाज येतो, हा जुना ठोकताळा आहे. मी तिघांनाही फोन केला. एका ठिकाणचा मुलगा म्हणाला, "सर, ते गुणाकार-बिणाकार सॉफ्टवेअरच करतं." त्याच्यावर मी का चिडू? कागदावर पद्धत लिहायला जागाच नव्हती.

हा १.३ कुठून येतो ते समजून घेतल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कर्ब मोजतात तो वॉक्ली आणि ब्लॅक या दोघांनी १९३४ मध्ये मांडलेल्या पद्धतीने. मातीत नारिंगी रंगाचं पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल घालायचं. डायक्रोमेट मातीतला कर्ब खातं. किती डायक्रोमेट उरलं ते मोजलं की किती खर्ची पडलं ते कळतं आणि त्यावरून कर्ब निघतो. पण यात खालून आच द्यायची नसते. आम्ल पाण्याला भेटलं की जी उष्णता सुटते, तेवढ्यावरच भागवायचं. त्यामुळे सगळा कर्ब काही जळत नाही. सरासरीने शंभरातला सत्त्याहत्तर भाग सापडतो, असं धरतात. म्हणून उरलेल्याची भरपाई करायला १.३. आता हे सत्त्याहत्तर प्रत्येक मातीत सत्त्याहत्तरच असतात असं नाही. म्हणून मी ठरवलं की वहीत कच्चा आकडाच लिहायचा, आणि गुणायचं असेल तर शेजारी वेगळ्या शाईने.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मुख्याध्यापकांची परवानगी काढून मी स्वतःच आमच्या प्रयोगशाळेत बसलो. (घरी कुणी हे करायला जाऊ नये. क्रोमियमचं हे रूप विषारी आहे आणि उरलेलं पाणी मोरीत ओतायचं नसतं. आम्ही ते वेगळ्या कॅनमध्ये साठवतो.) एक ग्रॅम माती. दहा मिली डायक्रोमेट. फ्लास्क हलवला आणि वीस मिली आम्ल भराभर सोडलं. फ्लास्क असा तापला की गळ्याशी धरलेला हातही काढावा लागला. मग अर्धा तास तसाच ठेवायचा. पुस्तकात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की फ्लास्क उष्णता न ओढणाऱ्या पृष्ठावर ठेवा. आमचा ओटा कडाप्प्याचा, आणि दिवाळीच्या थंडीत तो बर्फासारखा. मी मुद्दाम एकाच मातीचे पाच फ्लास्क ओट्यावर ठेवले आणि पाच लाकडी फळीवर पोतं टाकून. अर्ध्या तासाने दोनशे मिली पाणी, फॉस्फरिक आम्ल, रंगाने शेवट दाखवणारे डायफेनिलअमाइनचे थेंब, आणि उरलेलं डायक्रोमेट मोजायला ब्युरेटमधून, म्हणजे रेघा मारलेल्या नळीतून, फेरस अमोनियम सल्फेट. गढूळ काळपट रंग आधी निळसर-जांभळा होतो, तसाच रेंगाळतो, आणि मग एका थेंबासरशी लख्ख हिरवा. त्या एका थेंबासाठी माणूस श्वास धरून बसतो. फळीवरचे पाच सरासरी ०.४६ आले, कडाप्प्यावरचे ०.४३.

माती तीच, हात तोच, दिवस तोच. फरक फक्त ओट्याचा.

त्याच दिवशी आणखी एक हिशेब करून ठेवला. ब्लँक, म्हणजे माती न घातलेला फ्लास्क, वीस मिलीला हिरवा होतो, आणि आमच्या मातीचा सतरा मिलीला. मधल्या तीन मिलीत सगळा ०.४५ टक्का बसलेला आहे. म्हणजे ब्युरेटवरची एक बारीक रेघ चुकली की ०.०१५ इकडे-तिकडे. एखादा थेंब जास्त पडला, डोळा रेघेच्या वर राहिला, की संपलं. आणि गावात लोक म्हणतात, "औंदा कर्ब ०.०२ ने वाढला."

पुढच्या मे मध्ये, २०१९ ला, मीही तेच म्हणालो होतो. आकडा आला ०.५२. मी गटात सांगून टाकलं. शेणखत टाकलं, सोयाबीनचं कुटार रानात पसरलं, त्याचा गुण आला वगैरे. दोन दिवसांनी नमुना काढलेले खड्डे बघायला गेलो आणि मान खाली घातली. मे महिन्यातली काळी जमीन म्हणजे दगड. फावड्याने खणता खणता निम्मे खड्डे चार इंचांतच थांबले होते. कर्ब असतो तो वरच्या थरात जास्त. खोली कमी झाली की आकडा आपोआप फुगतो. टिकावाने सहा इंच पुरते खणून पुन्हा नमुना काढला, तर ०.४६. मग तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याकडून एक गिरमिट करून घेतलं आणि त्यावर १५ आणि ३० सेंटीमीटरला तांबड्या ऑइलपेंटचे पट्टे मारले. पट्टा मातीला टेकेपर्यंत थांबायचं नाही, हा नियम. बापूंनी त्याचं नाव "इंजेक्शन" ठेवलंय.

खत-मात्रेसाठी माती काढायची रीत शेतकऱ्यांना ठाऊक असते. नागमोडी फिरायचं, धुऱ्याजवळची, झाडाखालची, उकिरड्याजागची माती घ्यायची नाही, इंग्रजी व्ही सारखा खड्डा करून कडेची काकडीच्या फोडीएवढी चकती काढायची, सगळं एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलोवर यायचं. रीत चांगलीच आहे. पण दरवर्षी नागमोडी वेगळी पडते. हे किती महाग पडतं ते बघायला मी एकदा वरच्या तुकड्यातल्या दहा जागांची माती न मिसळता दहा पिशव्यांत आणली. तीन एकरांत ०.३४ पासून ०.६३ पर्यंत आकडे आले. ०.६३ ची जागा मी बापूंना दाखवली. ते थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हितं खळं होतं आपलं. मी ल्हान असताना." पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीचं खळं. तिथं ज्वारीची मळणी व्हायची, भूस उडायचं, बैल दिवसभर फिरायचे. खळं मोडून नांगर फिरला, पिढी बदलली, पण माती अजून सांगत होती.

एखाद्या वर्षी खळ्याची जागा नमुन्यात आली आणि पुढच्या वर्षी निसटली, तर तेवढ्यानेच आकडा हलणार. म्हणून आता पंधरा जागा ठरलेल्या आहेत. मोबाइलचं जीपीएस चार-पाच मीटर इकडे-तिकडे दाखवतं, कडुनिंबाखाली तर जास्तच. त्यामुळे धुऱ्यावरच्या दोन दगडांपासून टेप धरतो. दगड क्रमांक एकपासून बावीस मीटर, दोनपासून एकतीस, जिथं दोन्ही टेप भेटतात ती जागा. दरवर्षी जुन्या खड्ड्यापासून एक पाऊल पूर्वेला सरकायचं, कारण जुना खड्डा आपणच बिघडवलेला असतो.

खलबत्त्याची गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगतो. कर्बासाठी माती अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून जावी लागते. एका वर्षी घाई होती म्हणून मी आईचा लोखंडी खलबत्ता घेतला. माती छान बारीक झाली आणि सगळे आकडे वर गेले. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की लोखंडाचा कीस मातीत उतरला होता, आणि डायक्रोमेटला लोखंडही चालतं. ते लोखंड खातं आणि आपण कर्ब मोजला असं समजतो. तेव्हापासून लाकडी मुसळी. आईला रसायनशास्त्राशी देणंघेणं नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच, की त्या खलबत्त्यात आता चटणी कशी कुटायची.

टक्का स्थिरावला म्हणजे काम झालं असं मला वाटत होतं. मग गावात कार्बन क्रेडिटवाले, म्हणजे मातीत वाढलेल्या कर्बाचे पैसे देऊ म्हणणारे, आले. नाव सांगत नाही. चांगली मुलं होती, गाडी होती, टॅब होता. त्यांना टक्का नको होता, हेक्टरी टन हवे होते, आणि तेही तीस सेंटीमीटर खोलीपर्यंत. टनांसाठी मातीची घनता लागते. मी गावातल्या लोहाराकडून पाच सेंटीमीटर व्यासाची, पाच सेंटीमीटर उंचीची लोखंडी कडी करून घेतली. आत माती मावते ९८ घन सेंटीमीटर. ती जमिनीत सरळ ठोकायची, भरलेली काढायची, कडा सुरीने सपाट करायच्या, माती ओव्हनमध्ये १०५ अंशावर पूर्ण वाळवून वजन करायचं. आमचं आलं १२७ ग्रॅम. म्हणजे घनता, एका घन सेंटीमीटरला, १.३ ग्रॅम. (मघाच्या गुणाकारातल्या १.३ शी याचा संबंध नाही.)

मग रोटाव्हेटर फिरल्यावर दुसऱ्या आठवड्यात मोजलं तर १०८ ग्रॅम. घनता १.१. कर्बाचा टक्का तोच धरून पंधरा सेंटीमीटरचा हिशेब केला, तर हेक्टरी जवळपास दीड टन कर्ब आठवड्यात गायब. गेला कुठे? कुठेच नाही. रान फुगलं होतं. पंधरा सेंटीमीटरमध्ये मुळात माती कमी मावली होती. कापूस दाबून भरला की एका गाठोड्यात जास्त बसतो, मोकळा भरला की कमी, म्हणून व्यापारी गाठोडी मोजत नाही, काट्यावर घालतो. मातीचंही तसंच. खोली सारखी ठेवून उपयोग नाही, मातीचं वजन सारखं ठेवून तेवढ्या मातीत कर्ब किती ते बघायचं. जाणकार लोक हा हिशेब करतातच, पण त्यासाठी दोन थरांची माती आणि दोन्हींची घनता लागते, म्हणून २०२० पासून मी १५ ते ३० चाही नमुना काढतो.

काळ्या जमिनीत तर आणखी खोड आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. मे महिन्यात कडी ठोकायला गेलो तर ढेकूळ फुटतं किंवा भेगेत जातं. भर पावसात चिखल. शेवटी वेळच बदलली. आता सोयाबीन काढल्यावर आणि हरभरा पेरायच्या आधी, जमीन वाफशावर आली की दोन्ही कामं एकाच दिवशी. पण ही फट असते आठ-दहा दिवसांची. मळणीयंत्राची पाळी, मजुरांची ओढाताण, वर दिवाळी, आणि मी गिरमिट घेऊन रानात. २०२१ ला बापूंनी स्पष्ट विचारलं, "पेरायचं का इंजेक्शनच देत बसायचं?" त्या वर्षी घात साधायची म्हणून ओढ्याकडचा नमुना राहूनच गेला. वहीत ती जागा कोरी आहे. अंदाजाने भरलेली नाही.

त्याच कार्बनवाल्यांनी शेजारच्या काकांच्या शेताचा नमुना मोठ्या यंत्रावर तपासून आणला होता. त्या यंत्रात माती हजार अंशाच्या आसपास जाळतात आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजतात. काका कागद घेऊन धावत आले. १.३१! माझ्या डायक्रोमेटच्या हिशेबात त्यांचं रान आमच्यासारखंच. यंत्र चुकलं नव्हतं. यंत्र उलट जास्त पक्कं असतं, त्याच्यातून काही सुटत नाही. पण सुटत नाही म्हणजे चुनखडीही सुटत नाही. मी काकांच्या शेतातलं एक ढेकूळ घेऊन त्यावर सौम्य मिठाच्या आम्लाचे चार थेंब टाकले. सोड्याची बाटली उघडल्यासारखी माती फसफसली. "हा जो वायू निघतोय ना काका, तोही त्या १.३१ मध्ये आहे." चुनखडीत वजनाच्या बारा टक्के कार्बन असतो. मातीत सहा टक्के चुनखडी असली की ०.७२ तिथंच झाला. उरला ०.५९. चुनखडी वेगळी मोजून वजा केली, किंवा आधी आम्लाने धुऊन घेतली, तर त्या यंत्रासारखं दुसरं काही नाही. काकांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "मंग चुन्याचे पैसे देत नाहीत का ते?"

तर मग दरवर्षी आकडा आला तर तो रानाचा की प्रयोगशाळेचा, हे ओळखायचं कसं? यावर मला सापडलेला उपाय घरगुती आहे. २०१९ लाच वरच्या तुकड्यातली वीस किलो माती वाळवून, चाळून, पाच-सहा वेळा कालवून स्टीलच्या झाकणाच्या डब्यात भरून ठेवली. तिला मी घरचा नमुना म्हणतो. दर खेपेला शेतातल्या नमुन्यांमध्ये तिच्याही दोन पुड्या असतात, खोटे क्रमांक टाकून. स्वतः तपासलं तरी आणि बाहेर दिलं तरी. तिचं उत्तर मला पाठ आहे, ०.४५. २०२२ मध्ये सगळे आकडे छान वाढून आले आणि घरचा नमुनाही ०.४८ आला. डब्यात बंद मातीत कर्ब वाढत नसतो. शोधलं तर फेरस अमोनियम सल्फेट जुनं होतं. हवेने त्याची ताकद उतरत जाते. ब्लँक वीसऐवजी एकवीसच्या पुढे गेलेला दिसत होता, तरी सूत्रात मी सवयीने ०.५ चीच ताकद घातली होती. चूक माझीच. ब्लँकवरून ताकद काढून पुन्हा हिशेब केला आणि सगळी वाढ विरघळली.

दुसरी सवय बरण्यांची. दरवर्षीच्या नमुन्यातली पाव किलो माती काचेच्या बरणीत, आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी, बाहेर दुसरी. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड इथं १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे आणि तिथल्या जुन्या मातीच्या बाटल्या अजून जपून ठेवल्या आहेत, हे वाचलं तेव्हा सुचलं. आपल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठातही ज्वारी-गव्हाचा दीर्घ मुदतीचा प्रयोग १९८८ पासून चालू आहे. आमच्या माळ्यावर लोणच्याच्या बरण्यांशेजारी मातीच्या बरण्या आहेत, एवढाच काय तो फरक. आईने एकदा पाहुण्यांसमोर चुकून २०२० उघडली होती.

या बरण्यांचा उपयोग २०२४ च्या ऑक्टोबरात झाला. २०१८ च्या दिवाळीतली माती आणि २०२४ ची माती, दोन्ही तुकड्यांची, एकाच दिवशी, एकाच डायक्रोमेटने, एकाच फळीवर, प्रत्येकी चार-चार फ्लास्क. कोणता फ्लास्क कुठला ते मला कळू नये म्हणून क्रमांक पुतणीने टाकले. वरचं रान, जिथं सहा वर्षं शेणखत आणि कुटार आहे आणि २०२० नंतर रोटाव्हेटर बंद केलाय, ०.४६ वरून ०.५१. ओढ्याकडचं, जिथं काहीच बदललेलं नाही, ०.४४ वरून ०.४३, म्हणजे होतं तिथंच. घरचा नमुना ०.४५. आणि १५ ते ३० च्या थरात २०२० च्या बरणीशी ताडून पाहिलं, तर वरच्या रानातही फरक नाही.

०.०५ म्हणजे किती? १.३ ने गुणून ०.०६५ धरला, तर एकरी सहा इंच मातीत, जी ७९० टनांच्या आसपास भरते, साधारण पाचशे किलो कर्ब. कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत १.९ टनाला थोडा कमी. एक क्रेडिट म्हणजे एक टन. सहा वर्षांत एकरी दोन क्रेडिटही पुरती नाहीत, आणि चार फ्लास्कांमधला आपसातला फरकच ०.०२ होता, तो वेगळाच. टॅबवाल्या मुलाला मी हे सांगितलं तेव्हा त्याने प्रामाणिकपणे मान हलवली आणि अर्जावर सही मात्र मागितलीच. मी अजून केलेली नाही. वरच्या रानात पाऊस पडून गेल्यावर पाणी पूर्वीसारखं साचत नाही, वखराला ढेकूळ कमी लागतं, असं बापू म्हणतात. ते माझ्या वहीत नाही, कारण ते मी मोजलेलं नाही.

त्या संध्याकाळी बापूंनी आकडा विचारला. मी सांगितला.

"सहा वर्सांत?"

"सहा वर्षांत."

"आन् खळ्याचा?"

खळ्याची जागा मी वेगळी तपासली नव्हती. पंधरांत मिसळून गेली होती. दुसऱ्या दिवशी हरभऱ्याची पेरणी होती. पहाटे ट्रॅक्टर यायच्या आधी बॅटरी घेऊन दोघं गेलो, टेप बापूंनी धरला.